पडद्यामागची सत्ता

नाव मिरवू नये, असे आपण मुलांना शिकवतो. पण नाव लपवणे हाही सद्गुणच असतो काय? बॅरी ॲव्हरिच यांचा ‘द लास्ट मोगल’ (२००५) हा माहितीपट पाहताना हा प्रश्न आम्हांला सतावीत राहिला.

त्याचे नायक लू वॉसरमन (१९१३–२००२). क्लीव्हलंडच्या चित्रपटगृहात प्रेक्षकांना जागा दाखवणारा हा मुलगा १९४६ साली कलावंतांचे करार ठरवणाऱ्या ‘एम.सी.ए.’ कंपनीचा अध्यक्ष झाला. हॉलिवूडवर त्यांची अनेक दशके हुकमत होती. परंतु त्यांच्या टेबलावर कागद दिसत नसे आणि आत्मचरित्रही त्यांनी लिहिले नाही.

त्यांच्या हातून भले झालेच. १९५० साली ‘विंचेस्टर ७३’साठी जेम्स स्ट्युअर्ट यांना त्यांनी ठरावीक मेहनतान्याऐवजी नफ्यात वाटा मिळवून दिला, आणि पगारी नट भागीदार झाला. मात्र १९५२ साली नटांच्या संघटनेने एम.सी.ए.ला दूरचित्रवाणी-कार्यक्रम निर्माण करण्याची खास सवलत दिली. संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, स्वतः एम.सी.ए.चेच अशील! आता नटाची वकिली करणारा आणि त्याला कामावर ठेवणारा एकच झाला. पुढे १९६२ साली अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला, तेव्हा कंपनीला ती वकिली सोडावी लागली.

कोणी म्हणेल, नटांना काम मिळाले ना? मग ही उठाठेव कशाला? काम मिळाले हे खरेच. परंतु आपल्या वतीने बोलणारा नेमका कोणाच्या हिताचे बोलतो, हे त्या नटाने कोणाला विचारावे? जे विचारून मिळत नाही, ती मेहेरबानी होय. तिला न्याय म्हणता येत नाही.

गुप्तदान आणि गुप्त सत्ता यांतला भेद येथेच आहे. गुप्तदानात देणारा लपतो, म्हणून घेणारा मिंधा होत नाही. गुप्त सत्तेत ठरवणारा लपतो आणि ज्याच्याविषयी ठरते तो बांधला जातो. बाहेरून दोन्ही नम्रतेसारखीच दिसतात.

म्हणून कसोटी प्रसिद्धीची नव्हे, उत्तरदायित्वाची आहे. आपल्या पतपेढीत, शाळेच्या समितीत, घराच्या वाटणीतसुद्धा मागे राहून सूत्रे हलवणारी माणसे असतात. त्यांनी खुशाल मागे राहावे. परंतु ज्याचे भवितव्य ते ठरवतात, त्याने हाक मारली तर पुढे येऊन उत्तर द्यावे. जो हाकेला ओ देत नाही, त्याच्या अबोलपणाला आपण विनय म्हणू नये.