हिरो एकटा, हात हजार

मारधाडीचे पिक्चर मला पटत नाहीत. एक हिरो पन्नास गुंड लोळवतो, आपण शिट्ट्या मारतो अन् सकाळी पुन्हा विरार लोकलला लोंबकळत शेठच्या गेटवर हजर. आपला संताप तिकिटाच्या भावात विकला जातो.

तरी नालासोपाऱ्याच्या पोरांनी धरून बसवलं म्हणून पा. रंजितचा २०१८ सालचा ‘काला’ पाहिला. रजनीकांतची मारामारी त्यातही आहेच. पण धारावीची जमीन वाचवायची वेळ येते तेव्हा वस्ती काम बंद करते अन् मुंबई ठप्प होते. माझ्या मते खरी मारामारी ती. तिथं हिरोला ठोसा मारावा लागत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. पडद्यासमोरची भक्ती ही तिचीच तालीम नाही काय? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब पुढे होते, पण ओंजळी हजारो होत्या. ते एकटेच पाणी प्याले असते तर तो चमत्कार ठरला असता, सत्याग्रह नव्हे.

दोस्तहो, रजनीकांतला टाळ्या जरूर द्या. पण उद्या वस्तीच्या पाण्यासाठी मोर्चा निघेल, तेव्हा हेच हात मोजले जातील.