हौशी मनुष्याचीं वीस मिनिटें

जें आपणांस उत्तम रीतीनें कधींच साधणार नाहीं, त्यासाठीं आयुष्यांतील मोलाचा काळ वेंचणें नीतिदृष्ट्या समर्थनीय आहे काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या माथ्यावर लोककार्याचा भार आहे, त्याच्या बाबतींत त्याची धार जाणवूं लागते.

लंडनच्या 'गार्डियन' पत्राचे त्या वेळचे संपादक अ‍ॅलन रसब्रिजर यांनीं २०१० सालीं, वयाची छप्पन्न वर्षें उलटल्यावर, शोपँ याचें 'जी मायनर' बॅलड पियानोवर बसविण्याचा संकल्प केला. १८३६ सालीं प्रसिद्ध झालेली ही रचना अवघी नऊ-दहा मिनिटांची; पण तिचा शेवटचा भाग अतिद्रुत लयींत व अग्नीच्या आवेशानें वाजवावा अशी रचनाकाराचीच आज्ञा आहे. तेथें दोन्ही हातांना पट्ट्यांवर अशा झेपा घ्याव्या लागतात कीं, कसलेले वादकही या स्थळास बिचकून असतात. रसब्रिजर यांच्या हातीं दिवसाचीं वीसेक मिनिटें, तींही रोज मिळतीलच असें नाहीं. त्याच काळांत 'विकिलीक्स'कडील गुप्त कागदपत्रें त्यांच्या पत्रांतून बाहेर पडत होतीं. दूरध्वनीवरील खासगी निरोप चोरून ऐकण्याचें प्रकरणही त्यांच्याच पत्रानें लावून धरलें होतें, व त्यापायीं जुलै २०११ मध्यें 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हें १६८ वर्षांचें साप्ताहिक बंद पडलें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत रसब्रिजर यांनीं तें बॅलड निमंत्रितांपुढें वाजविलें.

अशा छंदानें मन ताजें होऊन काम चांगलें होतें, हें समर्थन नेहमीं ऐकूं येतें. आम्हांस तें रुचत नाहीं. घोड्यास चंदी घालावी तशी मनास कला घालावयाची, हा कलेचा गौरव नव्हे. रुबिनस्टाइन यांच्या तबकड्या असतां या लष्कराच्या भाकऱ्या कशाला, असेंही कोणी म्हणेल. पण तबकडी ऐकणाऱ्याची परीक्षा घेत नाहीं. ज्याच्या शब्दाला दिवसभर मान तुकविल्या जातात, त्यास आपला अधिकार मुळींच न जुमानणारी एखादी जागा हवी. उतावळेपणें लिहिलेला अग्रलेख दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करतां येतो. चुकलेला स्वर मागें घेतां येत नाहीं. तेथें मोठा मनुष्य पुन्हा विद्यार्थी होतो, व हा लाभ उत्तम वाजविण्यावर अवलंबून नाहीं.

एक आक्षेप मात्र आम्हांस सहजीं बाजूस सारतां येत नाहीं. हीं वीस मिनिटें नक्की कोणाचीं? स्वतःच्या झोपेंतून काढलेलीं असतील तर तक्रारीस जागा नाहीं. परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांतून दिवाणखान्यांत पुरुषाची पेटी वाजूं लागते, तेव्हां स्वयंपाकघरांतील हात बहुधा मोकळे नसतात. त्या हातांनाही कधीं काळीं पेटीची गोडी लागली असेल. मुलगी पसंत करतांना तर ती आवर्जून विचारलीही होती. पुढें ती पेटी कोणाकडे गेली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.