चालीचा पंथ कोणता?

गेल्या उपवासकाळात राजूर येथे गायकवृंदाच्या सरावाच्या वेळी आम्ही मुलांना मोबाइलवरून ऑर्गनची एक रचना ऐकवली. योहान सेबास्तियन बाख यांचे हे प्रिल्यूड जेमतेम दोन-अडीच मिनिटांचे. त्यात शब्द नाहीत. एका स्तोत्राची चाल हलके अलंकार लेवून संथपणे पुढे सरकते. कोळसा आणि चुना यांच्या या गावात पाइप ऑर्गन कुठला? याच चालीवर दुःखसहनाचे गीत आम्हांला पेटीवर बसवायचे होते. सराव संपताच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "फादर, ही चाल लूथरपंथीयांची ना? मग आपल्या मुलांना ती कशाला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाखनी ज्या स्तोत्रावर ही रचना केली, ते लूथरन कवी ख्रिस्तोफ नोल यांचे. धन्य मरणाची आस धरणारे. बाखच्या श्रोत्यांना त्याचे शब्द पाठ असत. वाद्य वाजू लागले की शब्द मनात आपोआप उमटत. चालीच्या पावलांनी श्रद्धाही घरात येते, ही त्या गृहस्थांची शंका म्हणूनच निराधार नव्हे.

परंतु या चालीचे कुळ शोधू जावे, तर गंमत दिसते. १६०१ साली हान्स लिओ हासलर यांनी ती रचली एका प्रेमगीतासाठी! हासलर प्रॉटेस्टंट, पण ऑग्सबर्गच्या कॅथलिक फुग्गर घराण्याच्या पदरी ऑर्गनवादक होते. १६१३ साली ती नोल यांच्या स्तोत्राला जोडली गेली. पुढे १६५६ साली पाउल गेरहार्ट यांचे, काटेरी मुकुटाने विद्ध झालेल्या प्रभूच्या मस्तकाला उद्देशून केलेले स्तोत्र याच चालीवर छापले गेले. त्याचे मूळ मात्र मध्ययुगीन लॅटिन काव्यात आहे. ते पूर्वी संत बर्नार्ड यांचे मानीत. आता अभ्यासक सिस्टर्सियन मठाधिपती अर्नुल्फ यांचे नाव घेतात. शब्द आपल्या मठातले, चाल प्रेमिकाची आणि दोघांची गाठ पडली लूथरन मंदिरात.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, ते ज्ञानदेवांच्या ओवीत.

तरीही 'संगीताला धर्म नसतो' हे सोपे वाक्य आम्हांला पटत नाही. धर्म असतो, म्हणून तर ते उसने घेताना देणाऱ्याचे नाव सांगायचे असते. मुलांना आम्ही हासलर, नोल, गेरहार्ट, बाख ही सारी नावे फळ्यावर लिहून दिली.

तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "फादर, माझी आई प्रॉटेस्टंट आहे. ती आमच्याबरोबर गाऊ शकेल?"

"अवश्य," आम्ही म्हणालो. १९९३ च्या ख्रिस्तैक्यविषयक मार्गदर्शिकेने एकमेकांच्या उपासनेत स्तोत्रे गाण्यास मोकळीक दिलीच आहे.

आई आता सरावाला येते. आवाज भरदार आहे. रविवारी मिस्सातही ती गाते. कम्युनियनच्या रांगेत मुलगी पुढे जाते, तेव्हा आई बाकावर बसून राहते.