खोटं नाही, पण सगळंही नाही

निघायच्या आदल्या रात्री ताईने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, ‘मुलींनी विचारलं तर सांगायचं, बाबांना ऑफिसचं काम निघालं.’ खरी गोष्ट अशी होती की, ताई आणि भाऊजी यांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. शाळा सुरू व्हायच्या आत मुलींना सांगू, तोवर एवढी सुट्टी तरी सुखात जाऊ दे, असं ताईचं म्हणणं. आई-बाबा, मामा-मामी, मी, सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताम्हिणी उतरून चहाला थांबलो तेव्हा थोरल्या भाचीने मला विचारलंच. मी सराईतपणे म्हणाले, ‘अगं, काम आलंय त्यांना.’ नऊ वर्षांची ती. ‘उद्या रविवार आहे ना?’ एवढंच म्हणाली आणि बिस्किटांचा पुडा फोडायला लागली.

आम्ही वेळासला चाललो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. ऑलिव्ह रिडली कासवांच्या माद्या रात्री इथल्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि समुद्रात निघून जातात. पिल्लं बघायला त्या परत येत नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या साथीने ही अंडी राखायला सुरुवात केली. कुंपणाच्या आत अंडी पुन्हा पुरली जातात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात आणि त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात. पुढचं अंतर त्यांचं त्यांनी चालायचं.

संध्याकाळी पिल्लं सोडली तेव्हा पाच वर्षांच्या धाकटीने विचारलं, ‘यांची आई पाण्यात वाट बघतेय ना?’ आमच्यातले तीन-चार जण एकदम ‘हो, हो’ म्हणाले. पिल्लं सोडणारा गावातला माणूस मात्र तिच्यासमोर उकिडवा बसला. ‘नाय गो बाय. आई अंडी घालून गेली. पिल्लांचं पिल्लंच बघतात.’

आता ही रडणार, म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती रडली नाही. थोरलीने विचारलं, ‘मग समुद्र कुठे आहे हे यांना कोण सांगतं?’

‘उजेड. पाण्याची बाजू उजळ दिसते, तिकडे जातात. म्हणून तर किनाऱ्यावर दिवे नकोत म्हणतो. दिवा दिसला की तिकडेच वळतात.’

रात्री माझ्याशेजारी झोपलेल्या थोरलीने अंधारात हळूच विचारलं, ‘मावशी, बाबांना खरंच काम होतं?’

कॉलेजात आम्हाला कांटचा १७९७ सालचा एक निबंध होता. मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन विचारतो, तो तुझ्या घरात आहे का? कांट म्हणतो, तेव्हाही खोटं बोलायचा हक्क तुला नाही. आम्ही सगळे हसलो होतो. आपल्याकडे युधिष्ठिराची गोष्ट आहे. अश्वत्थाम्याबद्दल तो अर्धवट खरं बोलला आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पण या दोन्ही गोष्टींत ऐकणारा समोरच्या बाजूचा आहे. एक मारेकरी, दुसरा शत्रूचा सेनापती. खोटं बोललं तर कोणीतरी वाचणार आहे, म्हणून तर पेच आहे.

माझ्याकडे तर माझा हात धरून झोपलेली मुलगी उत्तर मागत होती. खोटं बोलून मी कोणाला वाचवणार होते? प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हालाच. ती रडली असती तर आम्हाला तिच्याजवळ बसावं लागलं असतं, आणि काय बोलायचं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तिला संशय आला होताच. आमच्या खोट्याने तिचं दुःख टळत नव्हतं. ते कोणाला विचारायची सोय तेवढी जात होती.

पण हे सत्य माझं नव्हतं. ते कधी आणि कसं सांगायचं, हे ठरवण्याचा हक्क ताईचा होता. खोटं न बोलणं आणि सगळं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मधे उभं राहायला जागा असते, अवघडलेली का असेना. मी म्हणाले, ‘ते मी नाही सांगू शकत, आईला विचार. पण वाटेत मी सांगितलं ते खरं नव्हतं.’

ताई चिडली. ‘हे सांगितल्यासारखंच झालं. तू एका वाक्यात मोकळी झालीस, निस्तरायचंय मला.’ तिचं बरोबर होतं. खरं बोलणारा एक असतो आणि पुष्कळदा त्याची किंमत मोजणारा दुसराच. कांट वाचताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी योग्य वागले की नाही, याची खात्री मला अजून नाही. फक्त, पुन्हा अंधारात तोच प्रश्न आला तर ‘काम होतं’ असं मला म्हणता येणार नाही, एवढं कळलंय.

सकाळी ताई दोघींना घेऊन किनाऱ्यावर गेली. तासाभराने आल्या तेव्हा तिघींचे डोळे लाल होते. धाकटी आईच्या कडेवर होती. थोरली माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘माझी सायकल कुठल्या घरी राहणार?’

‘माहीत नाही. आपण आईला आणि बाबांना विचारू.’

‘पुढच्या सुट्टीत आपण सगळे परत इथे येऊ ना?’

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, ‘जमवूया. नाही जमलं, तर तुला आधी सांगेन.’