दैवाचा वाटा

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. गावाकडची तापीमाई आणि इथली तापीमाता त्यांच्या लेखी एकच. आषाढ शुद्ध सप्तमीला या सूर्यकन्येचा जन्मदिवस. त्या दिवशी सुरतेत तिला चुंदडी वाहतात, आरती करतात. ऑगस्ट २००६ मध्ये हीच नदी शहराच्या बहुतेक भागात शिरली. शहराच्या वरच्या अंगाला तापीवर असलेल्या उकाई धरणाचा विसर्ग तेव्हा नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला होता. अशा वेळी तोंडून सहज निघून जातं, ‘देवाची करणी’. पण पाणी किती चढणार हे आधी कळण्याची सोय हाताशी आल्यावर असं म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार उरतो?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि दैव. दैव तिथे पाचवं आहे, आणि आधीच्या चारांचा हिशेब झाल्याशिवाय त्याची पाळी येत नाही. पुराला हे लावून पाहू. अधिष्ठान म्हणजे तापीचं खोरं. ते सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाईत जमणारं पाणी मुख्यतः विदर्भ-खानदेशच्या पावसाचं असतं. नवागामच्या माणसाच्या गावी जो पाऊस कपाशीला तारतो, तोच हतनूर, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा करत सुरतेकडे येतो. कर्ता म्हणजे दरवाजे केव्हा उघडायचे हे ठरवणारा माणूस, चेष्टा म्हणजे त्याच्या हालचाली, आणि करणं म्हणजे धरणाचे दरवाजे आणि मापनाची यंत्रं. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक चिमुकली दुतोंडी पळी असते. ठरावीक थेंब साठले की ती कलंडते, दुसरी बाजू भरू लागते, आणि प्रत्येक कलंडण्याचा विजेचा ठोका मोजला जाऊन दूरच्या कचेरीत पोचतो. पळीच्या या ठोक्यांतून आणि नदीवरच्या पातळीमापकांतून पाणी धरणात येण्याआधीच त्याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे दैवाचा वाटा कायमचा ठरलेला नाही. माणसाला जेवढं आधी कळू शकतं, तेवढा तो आटतो, आणि जेवढा आटतो तेवढी जबाबदारी कर्त्याच्या अंगावर येते. कळू शकत असताना कळून न घेणं हेही कर्मच आहे. त्याला दैव म्हणणं ही देवाच्या नावावर केलेली लबाडी आहे, असं मला वाटतं.

नदी देवता आहे, तिला आकड्यांत बसवलं की ती फक्त साठा उरते, असा एक आक्षेप श्रद्धावान माणूस घेईल. त्यातली कळकळ खरी आहे, पण मोजणं म्हणजे अश्रद्धा, हे आपल्या परंपरेला धरून नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजायचं भांडं कोठारापाशी ठेवायला सांगितलं आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण (हे तेव्हाचं माप) पाऊस पडतो हेही तिथे दिलं आहे. अश्मकाला, म्हणजे गोदाकाठच्या मुलखाला, ठरावीक द्रोण, आणि अपरांताला, म्हणजे कोकणाला, अमाप! आणि जिला आई म्हणायचं, तिच्या अंगात ताप किती आहे हे बघायला कोणता मुलगा संकोचेल?

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. अंदाज हा शेवटी अंदाजच. पावसाच्या भाकितावर धरण रिकामं केलं आणि पाऊस हुकला, तर कालव्यावर विसंबलेल्या बारडोलीच्या ऊसकऱ्यानं काय करायचं? उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. सिंचनाला आणि विजेला धरण भरलेलं हवं असतं, पूर अडवायला त्यात जागा हवी असते. हे धर्मसंकट कोणताही संगणक सोडवून देणार नाही. संगणक हे करण आहे, पापपुण्य कर्त्याचं. ‘सिस्टीमनं तसं दाखवलं’ असं उत्तर आलं की करणाला कर्त्याच्या आसनावर बसवलं जातं, आणि मग जाब विचारायला कुणीच सापडत नाही. म्हणून निर्णय चुकला की बरोबर आला एवढंच पाहून न्याय करता येत नाही. त्या घटकेला समोर काय माहिती होती, ती कुणी वाचली, कुणाच्या हिताला किती वजन दिलं, हे पाहावं लागतं. यंत्रांमुळे हे पाहणं पुष्कळ सोपं झालं आहे, कारण त्यांच्याकडे वेळेसकट नोंद राहते. दरवाजा कोणत्या तासाला, कोणत्या अंदाजावर, कुणाच्या आदेशानं उघडला, ही नोंद महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतल्या नागरिकांना त्याच दिवशी वाचायला मिळाली पाहिजे. तिच्यात लपवण्यासारखं काही असेल, तर तेच पहिल्यांदा विचारायला हवं.

यात नवागामचा आणखी एक हक्क गुंतलेला आहे. शेजारच्या लिंबायत बाजूला मिठी खाडी फुगते ती शहराच्या आसपासच्या पावसानं. तेव्हा उकाईचे दरवाजे बंदही असू शकतात. फक्त धरणाचा आकडा पाहून इथल्या भाडेकरूला निर्धास्त राहता येत नाही. त्याला खाडीची पातळी कळायला हवी, मोबाईलवर, रात्रपाळीच्या वेळीही, आणि त्याच्या भाषेत. सुरत महापालिका मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. मग त्यांच्या आईबापांसाठी पाण्याची सूचना मराठीत काढणं तिला मुळीच अवघड नाही. माहिती कचेरीतल्या पडद्यापर्यंत आली आणि खोलीतल्या माणसापर्यंत गेली नाही, तर त्या माणसाच्या बाबतीत दैवाचा वाटा जुनाच राहतो. फरक इतकाच की आता तो वाटा दुसऱ्या माणसांनी त्याच्या पदरात टाकलेला असतो.