नवलाला विचारायचा प्रश्न

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या नगरच्या कुठल्याही मुलाला विचारा. अहमदनगर शहराची स्थापना कधी? १४९०. दायमाबाद कोणत्या नदीकाठी? प्रवरा. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ कुठे लिहिलं? नगरच्या किल्ल्यात. उत्तरं तोंडपाठ असतात. या मुलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. मला त्रास होतो तो माहिती ज्या रूपात त्यांच्या हाती पडते त्याचा. एक ओळ, एक साल, एक नाव, आणि पुढचा प्रश्न. परीक्षेबाहेरचे लोकही यातून सुटलेले नाहीत. रोज सकाळी फोनवर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ म्हणून काहीतरी अद्भुत येतं, आपण ‘अरे वा’ म्हणतो आणि चार जणांना पुढे धाडतो.

नवलाची आवड वाईट नाही. माणूस विचार करायला लागतो तो बहुतेक वेळा कशाचं तरी नवल वाटूनच. पण नवल ऐकल्यावर ‘कशावरून?’ असं विचारायची सवय आपण घालवून बसलो आहोत. त्या प्रश्नाने खोटं नवल कोसळतं हे उघड आहे. खरं नवल मात्र त्याच प्रश्नाने आणखी मोठं होतं, आणि ते अनुभवायला नगर जिल्ह्यासारखी (सरकारदफ्तरी आता अहिल्यानगर) जागा शोधून सापडायची नाही.

सशाची गोष्ट घ्या. मलिक अहमद निजामशहा शिकारीला निघाला होता. एका सशाने कुत्र्यावर उलट चाल केली. जिथला ससा एवढा शूर तिथली माणसं कशी असतील, असं म्हणून त्याने तिथे शहर वसवलं. नगरकर ही गोष्ट अभिमानाने सांगतात. पण १४११ साली वसलेल्या अहमदाबादचे लोकही हीच गोष्ट आपल्या शहराची म्हणून सांगतात. विजयनगरच्या स्थापनेबद्दलही हीच कथा आहे, आणि ती फर्नाव नुनिझ नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवली आहे. एकच ससा तीन राजधान्या कशा वसवील? गोष्ट गावोगाव फिरत राहिली आणि प्रत्येक गावाने तिला आपलं घर दिलं, एवढाच अर्थ यातून निघतो.

मग शहर इथेच का? फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी नगरच्याच दरबारात वाढला आणि १५८९ साली विजापूरला गेला. त्याने दिलेलं कारण सशाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी कडू आहे. मलिक अहमदचं ठाणं जुन्नरला होतं आणि त्याला हवा होता दौलताबादचा किल्ला. तो लढून मिळण्यासारखा नव्हता. म्हणून जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध, भिंगारजवळ, जिथे त्याने २८ मे १४९० रोजी बहामनी फौजेचा पराभव केला होता त्याच टापूत, सीना नदीकाठी त्याने १४९४ साली शहराचा पाया घातला. तिथून दरवर्षी सुगीच्या वेळी दौलताबादच्या मुलखावर फौज सोडायची, उभी पिकं उद्ध्वस्त करायची आणि किल्ल्यातल्या लोकांना उपाशी ठेवून शरण आणायचं, हा बेत. १४९९ मध्ये किल्ला हाती आला. म्हणजे शहराच्या पायाखाली शूर ससा नाही, शेजारच्या मुलखातल्या कुणब्यांची जाळलेली कणसं आहेत. आणि गाईडमधलं ते १४९० हे साल खरं तर लढाईचं. शहराचा वाढदिवस आपण २८ मे रोजी साजरा करतो, तो त्या विजयाचा दिवस आहे. मला हे जास्त जाणून घेण्यासारखं वाटतं. शाळेत सांगायला मात्र सगळ्यांना ससाच बरा वाटतो.

शहराच्या पूर्वेला डोंगरावर जी अष्टकोनी तीन मजली वास्तू दूरवरून दिसते तिला सारा गाव चांदबिबीचा महाल म्हणतो. ती महाल नाही आणि चांदबिबीची नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मुघलांविरुद्ध किल्ला लढवला. तिच्या पराक्रमाला साजेशी एखादी वास्तू लोकांना हवी होती आणि ती डोंगरावर आयती उभी होती. लोकांची ही चूक मला क्षम्य वाटते, कारण तिच्यात प्रेम आहे.

क्षम्य वाटत नाही ती ‘आशिया खंडातील सर्वांत मोठे’ ही शब्दयोजना. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, आणि पर्यटनाची प्रत्येक पुस्तिका त्यांची ओळख याच शब्दांत करून देते. हे कोणी मोजलं, कशाशी ताडून पाहिलं, त्याचं नाव त्या वाक्याबरोबर कधी येत नाही. वाचणारा सेल्फी काढतो आणि मळगंगेचं दर्शन घेऊन निघतो. खळग्याच्या काठावर ओणवं होऊन आत पाहिलं तर सगळं समोरच असतं. काळ्या बेसॉल्टची भिंत हात फिरवावा इतकी गुळगुळीत, तिच्यावर आडव्या वळ्या, आणि तळाशी पाण्यात पडलेले गोल गोटे. ते गोटे म्हणजेच हत्यार. पात्रातल्या एखाद्या भेगेत वा उथळ खोलगटात पुराचं पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, त्याबरोबर गोटा फिरतो आणि खडक घासत जातो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. कठीणातला कठीण खडक वाहत्या पाण्याने आणि दगडाच्या खड्यांनी असा खोदला गेला आहे, दर पावसाळ्यात थोडा थोडा. आशियात याचा नंबर कितवा, याने त्यात काडीचीही भर पडत नाही.

विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहायला महाराष्ट्रातून दरवर्षी किती सहली जातात! ती विजापूरची नव्हे. १५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ती नगरला ओतली. तिथून ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये विजापूरकरांनी ती लूट म्हणून नेली. वजन सुमारे ५५ टन. तोंड हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या जबड्याचं. इथेही ‘कशावरून’ विचारत गेलं की धातूपर्यंत पोहोचता येतं. तिच्यात तांबं सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २० टक्के आहे. तोफेच्या धातूत एरवी कथील याच्या निम्म्याच्या आसपास असतं. २० टक्के हे प्रमाण घंटेचं. तोफेवर काही आपटलं की ती घुमते ती त्यामुळेच. हा मिश्रधातू ५५ टनांच्या हिशोबाने वितळवायचा, आणि साच्यात ओतताना मध्ये खंड पडू द्यायचा नाही, हे काम सोळाव्या शतकात नगरच्या भट्ट्यांवर झालं. १८५४ साली इंग्रज सरकारने ही तोफ मोडीत काढून लिलाव पुकारला तेव्हा बोली आली १५० रुपयांची. विक्री रद्द झाली म्हणून ती आज आहे.

काही माहिती पहिल्या नजरेला अगदीच सुटी वाटते. स्पाइक मिलिगन हा इंग्रजी विनोदाचा मोठा कलावंत १६ एप्रिल १९१८ रोजी नगरला जन्मला. प्रश्नमंजूषेत हे छान शोभतं. पण आयरिश माणसाचा मुलगा नगरला का जन्मावा? बाप ब्रिटिश फौजेत होता म्हणून. फौज इथे का? ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला छावणी वसली म्हणून. त्या एका छावणीमुळे बोअर युद्धातले कैदी इथे आले, पहिल्या महायुद्धात जर्मन आले, १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणी किल्ल्यात बंद झाली, आणि आज रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं याच किल्ल्यात लिहिली, त्यात चहाविषयी आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांविषयी आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी वारली तेव्हा ते इथेच कैदेत होते. आपण मुलांकडून फक्त नेहरूंच्या पुस्तकाचं नाव पाठ करून घेतो.

पण ज्या नवलाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला ते नगरचं असूनही पुण्यात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य. हुसेन निजामशहाची त्यात स्तुती आहे, आणि त्याच्या राणीची, खुंझा हुमायूनचीही. पोथीत आज १२ चित्रं उरली आहेत. दख्खनी चित्रकलेचे हे सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी काही. जी. टी. कुलकर्णी आणि एम. एस. माटे यांनी ही पोथी संपादून १९८७ साली प्रसिद्ध केली. मुसलमान दरबारातल्या चित्रात राणीला बादशहाच्या शेजारी, त्याला बिलगून बसलेलं दाखवणं हेच दुर्मीळ. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे बहुतेक चित्रांत त्या राणीवर नंतर रंग फासलेला आहे. बादशहा सिंहासनावर आहे, दासी चवऱ्या ढाळताहेत आणि राणीच्या जागी एक डाग आहे, ज्याच्याखालून तिची आकृती अजून ओळखू येते.

हे कोणी केलं, याची नोंद पोथीत नाही. पण घटनाक्रम असा: तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्ये हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान म्हणून कारभार खुंझा हुमायूनने हाती घेतला. १५६९ च्या सुमारास त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. अभ्यासक हा रंग त्या घटनेशी जोडतात, आणि मला ते पटतं. चित्र फाडून टाकता आलं असतं, पण मग बादशहाही गेला असता; म्हणून फक्त राणी पुसली. एक चित्र मात्र वाचलं आहे. त्यात एक स्त्री स्पर्शाने झाड फुलवते आहे. संस्कृत काव्यातला हा दोहदाचा संकेत, फारसी काव्यात, दख्खनच्या सुलतानाच्या दरबारात! ‘मध्ययुग’ या एका शब्दात आपण जे कोंबतो त्यात हे मावत नाही. आणि चांदबिबी ही याच खुंझा हुमायूनची मुलगी. लोकांनी मुलीला नसलेला महाल दिला, दरबाराने आईला असलेल्या चित्रातून काढलं. शाळेच्या इतिहासात आईचं नाव मी तरी कधी वाचलं नाही.

खूप मागे गेलं की पुरावा आणखी नाजूक होतो. नेवाशाला ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते, आणि मण्यांत दोरा शिल्लक होता, कापसाबरोबर रेशीम असलेला. एरवी त्या काळाचं सूत कुजून कधीच मातीत मिळालेलं असतं. इथे ते टिकलं, कारण गंजणाऱ्या तांब्याचे क्षार सूक्ष्मजीवांना मारक ठरतात आणि दोऱ्यात मुरून त्याला राखतात. मणी मातीचे असते तर त्या काळी इथे रेशीम होतं हे आपल्याला कळायचा मार्गच नव्हता. त्या लेकराच्या आईबापांनी तांबं घातलं म्हणून आपल्याला रेशीम समजलं.

दायमाबादला मात्र पुरावा हाताशी येऊनही निसटला. श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल झाडाची मुळं खणत होते, तेव्हा त्यांना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्या भरीव, एकूण वजन ६० किलोंच्या वर. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. गेंडा जेमतेम १९ सेंटिमीटर उंच, आणि तो चाकांवर उभा आहे. ज्याने तो घडवला त्याने गेंडा पाहिला होता, की सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचा गेंडा शिल्परूपाने इथवर आला? प्रवराकाठी गेंडा या कल्पनेनेच अंगावर रोमांच येतात.

बहुतेक पुरातत्त्वज्ञ या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे इसवी सनपूर्व २००० च्या आसपासच्या मानतात, आणि गाईडमध्ये तेवढंच छापलेलं असतं. डी. पी. अगरवाल यांनी धातू तपासून हरकत घेतली होती: त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत ते असं मिसळलेलं आढळत नाही, म्हणून या वस्तू ऐतिहासिक काळातल्या असाव्यात. दुसरी बाजू म्हणते, हडप्पा संस्कृतीच्या काही तांब्यात आर्सेनिक सापडतं, आणि दायमाबादला त्या काळाची वस्ती होतीच. दोन्ही बाजूंचं म्हणणं वजनदार आहे, आणि माझा कल पहिल्या तारखेकडे असला तरी अगरवालांची हरकत टाळून ती तारीख शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं. निकाल लावू शकली असती ती भोवतालची माती: कोणता थर, सोबत कोणती खापरं, राख होती का. एस. आर. राव आणि नंतर एस. ए. साळी यांनी तिथे १९७९ पर्यंत खणलं, पाच संस्कृतींचे थर उलगडले. पण ते खणायला बसले तोवर रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा आपापल्या जागेवरून उचलले गेले होते, आणि ती जागा कुदळीने मोकळी झालेली होती.