परतीच्या वाटेला काय लागते?

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांना टेकला की फॅरनहाइटच्या मापात तो 113 होतो. 45 ला 9 ने गुणून 5 ने भागायचे आणि आलेल्या 81 मध्ये 32 मिळवायचे. हे झाले रेषीय फलन. 113 वरून मागे फिरताना मात्र शेवटचे काम आधी सोडवावे लागते: 32 वजा करायचे, मग 5 ने गुणून 9 ने भागायचे. हा क्रम चुकला तर उत्तर 30.8 येते आणि अकोल्याचा उन्हाळा पार नाहीसा होतो.

भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त हा व्यस्तविधी आहे. गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी मूळ, बेरजेच्या जागी वजाबाकी.

वेदान्ताने हीच उलटी चाल विश्वाला लावली. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, मग वायू, अग्नी, पाणी आणि पृथ्वी असा क्रम येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायानुसार लय याच्या उलट होतो: पृथ्वी पाण्यात, पाणी अग्नीत, अशी एकेक पायरी मागे.

पण मागे फिरणे नेहमी शक्य असते का? रेषेचा चढ शून्य असेल तर नाही. क्ष काहीही घ्या, उत्तर एकच, समजा 7, येणार. मग नुसत्या 7 वरून मूळचा क्ष ओळखायचा कसा? फरकच उरला नाही, तर व्यस्त फलनही उरत नाही.

नेमकी हीच शंका शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या भाष्यात घेतली आहे. गाढ झोपेत जीव ब्रह्मात मिळत असेल, तर सकाळी तोच माणूस जागा होतो कशावरून? पाण्यात पडलेला थेंब पुन्हा वेगळा काढता येत नाही. त्यांचे उत्तर असे, की इथे कर्म आणि अविद्या भेद राखून ठेवतात, म्हणून तोच जीव उठतो. मोक्षात अविद्या जळते. तिथून परतणे नाही, असे सांगूनच ब्रह्मसूत्रे संपतात.

अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत 1881 साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांना हा प्रश्न इथेच मिटवायचा नव्हता. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. 1915 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानणाऱ्या या वऱ्हाडी संताने मधुराद्वैत मांडले: अद्वैताचा बोध झाल्यावरही भक्ती उरते.

भक्ती उरायची तर भक्त आणि देव हा भेद कुठेतरी राहायलाच हवा. झोपेतला भेद अविद्येने राखलेला, बांधून ठेवणारा. मधुराद्वैतातला भेद ज्ञानानंतरचा, प्रेमासाठी राखलेला. त्याने कुणी पुन्हा बांधला जात नाही. परतीला फरक लागतो, एवढे बीजगणित सांगते. तो फरक कोण आणि कशासाठी राखतो, हे विचारण्याचे धाडस या अंध तत्त्वज्ञाने केले. त्यांच्या ग्रंथांकडे केवळ चमत्काराच्या कुतूहलाने न पाहता, शांकरभाष्याशेजारी ठेवून ते वाचले गेले पाहिजेत.